देल्फिनाची साखर

लोमा सेका वस्तीत अंपारो ओचोआला ओळखत नाही असं एकही घर नव्हतं, आणि ती फाटकात दिसली की ज्या घरात गोड पाव फडक्याखाली लपवला जात नाही असंही एक घर नव्हतं. तीन वर्षं ती दारोदार हिंडत होती. गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र, खांद्याला निळी पिशवी, पिशवीत साखर तपासायचं यंत्र, रक्तदाबाचा पट्टा आणि प्लॅस्टिकची एक तोर्तिया, म्हणजे मक्याची पोळी. जेवताना तोर्तिया केवढी घ्यावी हे दाखवायला ती दिली होती. बायका त्या तोर्तियाला अंपारोचा नवरा म्हणायच्या.

"आणलंस का गं त्याला? अजून तस्साच चपटा?"

"चपटा असला तरी उलट उत्तर देत नाही," अंपारो म्हणायची. ती विधवा होती, अठ्ठावन्न वर्षांची. चेष्टा सोसल्याशिवाय कुणी बोटाला सुई टोचू देत नाही, हे तिला पहिल्याच महिन्यात कळलं होतं.

वस्तीची गंमत अशी होती, की मागे नदी आणि पुढे नाका. नदीपलीकडे मेक्सिको, अलीकडे अमेरिका. पुढे उत्तरेला सत्तर मैलांवर हमरस्त्यावरचा नाका, तिथे प्रत्येक गाडी थांबवून देशात राहण्याच्या परवान्याचे कागद विचारायचे. ज्याच्याकडे कागद नाहीत तो वीस वर्षांपूर्वी नदी ओलांडून आलेला असला तरी नाक्यापुढे जाऊ शकत नव्हता, आणि मागे गेला तर परत येऊ शकत नव्हता. अशी माणसं वस्तीत निम्म्याहून जास्त. नळाचं पाणी पिवळं आणि खारट, म्हणून घरोघरी थंड पेयांच्या मोठ्या बाटल्या. साखरेचा आजार दर दुसऱ्या घरात. कुणाचा अंगठा गेलेला, कुणाचा डोळा.

त्यावर विद्यापीठाने उपाय काढला होता: चालणे. अंपारोने बारा बायकांचा गट केला. सगळ्यांना पिवळी जाकिटं आणि कमरेला लावायची पावलं मोजण्याची यंत्रं मिळाली. वस्तीत फूटपाथ नव्हता, कुत्री मात्र होती, म्हणून त्या सकाळी कालव्याच्या बांधावरून चालायच्या. एकदा समोरून सीमा पोलिसांची पांढरी-हिरवी गाडी आली. पोरगेलासा शिपाई फक्त रस्ता विचारायला थांबला होता. पण त्याने दार उघडलं मात्र, बारांतल्या आठजणी पिवळ्या जाकिटांसकट बाभळीच्या रानात घुसल्या. एक तर दीड मैलावर सापडली. महिनाअखेर विद्यापीठाचा हा प्रकल्प चालवणारे डॉक्टर व्हिटकोम उत्तरेहून आले, त्यांनी यंत्रांतले आकडे पाहिले आणि खूश होऊन विचारलं, "अकरा तारखेला काय केलंत तुम्ही? हा तर विक्रम आहे!"

"त्या दिवशी उत्साह फार होता, डॉक्टर," अंपारो म्हणाली.

हे ऐकून सगळ्यांत मोठ्याने हसली ती देल्फिना.

देल्फिना अंपारोची कोमाद्रे. म्हणजे देल्फिनाच्या लेकीला, इत्सेलला, चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी अंपारोने हातावर घेतलं होतं, आणि त्या दिवसापासून दोघी एकमेकींना नावाने नव्हे, कोमाद्रे म्हणूनच हाक मारत. सख्ख्या बहिणी भांडून तुटतात, कोमाद्रे तुटत नाहीत, असं तिकडे मानतात. देल्फिना चव्वेचाळीस वर्षांची, अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली. नवरा कासिमिरो कांद्याच्या शेतात आणि संत्र्यांच्या बागेत मजुरी करायचा, ती लोकांची घरं साफ करायची. इत्सेल नदीच्या अलीकडे, इथेच जन्मलेली, त्यामुळे घरात कागद होते ते त्या तेरा वर्षांच्या पोरीकडेच.

देल्फिनाची तीन महिन्यांची सरासरी साखर अकरा पॉइंट चार होती, हवी सातच्या खाली. दोन वर्षं अंपारोने डोकं फोडलं, पण आकडा ढिम्म हलला नाही.

"कोमाद्रे, निवडुंगाची भाजी खा. तोर्तिया दोनच खा."

"दोन तोर्तियांनी माझा एक गाल भरतो. दुसऱ्या गालाने काय तुझ्या नवऱ्याला खाऊ, प्लॅस्टिकच्या?"

आणि तिसऱ्या वर्षी आकडा आपोआप उतरायला लागला. नऊ पॉइंट दोन. मग सात पॉइंट नऊ. मग मार्चमध्ये सहा पॉइंट आठ. अंपारोने यंत्रावरचा आकडा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि स्वयंपाकघरात देल्फिनाला मिठी मारली.

"काय केलंस गं?"

"काही नाही. खावंसंच वाटत नाही. तोंडाला नाणं चोखल्यासारखी चव येते. तुझं भाषण लागू पडलं असेल उशिरा."

त्या दिवशी देल्फिनाचे पाय सुजलेले होते. चपलेचे बंद मांसात रुतले होते. तिला खाज सुटत होती, बोलता बोलता ती दंड खाजवत होती. चेहरा मेणासारखा झाला होता. अंपारोने हे सगळं पाहिलं. फॉर्मवर सुजेचा रकाना नव्हता, तेव्हा तिने कडेला बारीक अक्षरात लिहिलं: पाय सुजतात, थकवा, अन्नावर वासना नाही. फॉर्म नेहमीप्रमाणे उत्तरेला गेला. तिकडे रकान्यांतलं तेवढं संगणकात भरत, कडेला लिहिलेलं कुणी वाचत नसे. आणि खरं सांगायचं तर अंपारोनेही ते लिहून मनातून काढून टाकलं. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणाचा आकडा सातच्या खाली आला होता. तिला आनंद हवा होता, आणि तो मिळाला होता.

मे महिन्यात विद्यापीठात मोठी परिषद भरली. भिंतभर पोस्टरं लावली होती. त्यांतल्या एकावर मधोमध देल्फिनाचा फोटो: निवडुंगाची ताटली हातात धरून हसणारी. खाली बाण, अकरा पॉइंट चारवरून सहा पॉइंट आठवर. डॉक्टर व्हिटकोम अंपारोला स्वतःच्या गाडीतून घेऊन गेले. देल्फिनालाही बोलवायची त्यांची इच्छा होती, पण वाटेत नाका. फोटोला कागद लागत नाहीत, म्हणून फोटो गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी अंपारोला विचारलं, गुपित काय? तीही उभी राहून म्हणाली, "विश्वास. आमच्या बायका आमच्यावर विश्वास ठेवतात."

पुढे कित्येक महिने हे वाक्य आठवलं की तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटे.

जूनमध्ये एका सकाळी कासिमिरो धावत आला. देल्फिना न्हाणीघरात पडली होती, श्वास घेता येत नव्हता. अंपारोने तिला गाडीत घालून शहरातल्या इस्पितळात नेलं. चार तासांनी एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. ती स्पॅनिश चांगली बोलत होती, आणि त्यामुळे तिचं बोलणं टाळायला जागाच नव्हती.

"मूत्रपिंडं गेलीत. दोन्ही. हे आजचं नाही, वर्षभर चाललं असणार."

"पण तिची साखर तर उतरली होती," अंपारो म्हणाली. "सहा पॉइंट आठ. मी स्वतः तपासली."

डॉक्टरीण म्हणाली, "मूत्रपिंड निकामी झालं की रक्त कमी होतं, साखरेच्या गोळ्यांचा अंश शरीरात साचून राहतो, माणूस जेवत नाही. मग तो आकडा उतरतो. तो उतरणं चांगलं नसतं, बाई. अशा वेळी तो धोक्याची खूण असतो. कुणी लघवी तपासली नाही का? पाय सुजले नाहीत?"

"सुजले होते," अंपारो म्हणाली.

रक्त यंत्राने धुवायला हवं होतं, म्हणजे डायलिसिस, आठवड्यातून तीनदा. ज्यांच्याकडे कागद आहेत त्यांना तशी खुर्ची मिळते, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी. ज्यांच्याकडे नाहीत त्यांना फक्त जीव जायची वेळ आली तर. असा नियम होता. म्हणजे देल्फिनाने इस्पितळात यायचं, रक्त तपासून घ्यायचं, आणि रक्तातलं विष पुरेसं वाढलेलं असलं तरच यंत्राला लावायचं. पुरेसं नसलं तर घरी. "उद्या या. परवा या." छाती पाण्याने भरलेली, तरी घरी.

तिसऱ्यांदा परत पाठवलं तेव्हा बाकावर शेजारी बसलेला एक म्हातारा अंपारोच्या कानाशी लागला. रेफुखिओ त्याचं नाव, दोन वर्षं तो असाच येत होता.

"बाई, उपाशी कशाला आणता तिला? संत्र्याचा रस पाजा. दोन केळी द्या. पोटॅशियम वाढतं. रक्तात ते वाढलेलं दिसलं की घाबरतात आणि घेतात आत."

"त्याने हृदय बंद पडतं."

"हो ना. म्हणून तर घेतात."

अंपारोने तीन वर्षं शंभर स्वयंपाकघरांत सांगितलं होतं: फळांचा रस म्हणजे पेल्यात ओतलेली साखर, विष समजा. आणि आता ती इस्पितळाच्या वाहनतळावर, सकाळी सातच्या उन्हात, गाडीचं दार उघडून देल्फिनाच्या तोंडाला संत्र्याच्या रसाची बाटली लावत होती. संत्री कासिमिरोनेच बागेतून आणली होती.

देल्फिनाने दोन घोट घेतले आणि हसली. हसताना तिला धाप लागत होती. "बघ कोमाद्रे, एवढी वर्षं मी चोरून प्यायले. आता तू पाजतेस."

"पी गुपचूप."

"तुझ्या फॉर्मवर लिही. रकाना नसेल तर कडेला लिही."

अंपारोने बाटली खाली घेतली. "तू पाहिलं होतंस? मी कडेला लिहिलेलं?"

"माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच टेबलावर लिहिलंस. मला वाचता येतं." देल्फिनाने तोंड पुसलं. "मला वाटलं, तू लिहिलंस म्हणजे कुणीतरी बघेल. मी म्हटलं, आपण काळजी करायला नको."

रसाने काम केलं. त्या दिवशी देल्फिनाला आत घेतलं.

असं सात आठवडे चाललं. कधी दोन बाटल्या लागायच्या, कधी एक. एका गुरुवारी अंदाज चुकला. अर्ज भरण्याच्या खिडकीसमोर रांगेत उभी असतानाच देल्फिना खाली कोसळली आणि तिचं हृदय थांबलं. त्यांनी ते पुन्हा चालू केलं. छातीवर दाबताना तिच्या दोन बरगड्या मोडल्या.

घरी आणल्यावर अंपारोने खुर्ची ओढून कासिमिरो आणि देल्फिनाच्या समोर मांडली आणि आठवडाभर मनात घोळवलेलं बोलून टाकलं.

"पलीकडे जा. तुझी बहीण निएवेस आहे तिथे. तिकडे पोटातून नळी घालून घरच्या घरी रक्त साफ करायला शिकवतात, पिशव्या सरकारी दवाखान्यातून मिळतात. मी चौकशी करून आले. निदान मरायला टेकल्याचं सोंग तरी करावं लागणार नाही."

"सोंग?" देल्फिना म्हणाली.

"चुकलं माझं."

"गेले की परत येता यायचं नाही."

"नाही."

"आणि ही?" देल्फिनाने मान वळवली. इत्सेल दाराशी उभी होती, शाळेची बॅग पाठीवर तशीच.

"हिच्याकडे कागद आहेत. दर शनिवारी मी नदीवरच्या पुलावरून घेऊन येईन तिला. आणि कासिमिरोने इथेच राहावं. कामाला, आणि पोरीला."

कासिमिरो मुळातच कमी बोलणारा. तो हात मांडीवर ठेवून बसला होता, हातांना कांद्याचा वास येत होता. म्हणाला, "तीन वर्षं तुम्ही आमच्या घरी येत होता, अंपारोबाई. दर महिन्याला. आम्ही तुमच्यासाठी कॉफी करायचो." एवढंच म्हणाला आणि उठून बाहेर गेला. त्याने आरडाओरडा केला असता तर अंपारोला बरं वाटलं असतं.

देल्फिना ऑगस्टमध्ये गेली. पलीकडे जाताना कुणी काही विचारत नाही. पुलावर नाणी टाकली की फाटकाचा दांडा फिरतो. अंपारोने तिचा हात धरला होता, इत्सेलने बॅग. कासिमिरो पुलाच्या अलीकडच्या चौकात थांबला, त्याला तिथपर्यंतच येता येत होतं. दांडा फिरताना देल्फिनाने मागे वळून त्याला ओरडून सांगितलं, "मोठ्या पातेल्याखालचा गॅस नीट बंद होत नाही, लक्ष ठेव!" आणि ती गेली.

सप्टेंबरात डॉक्टर व्हिटकोमनी प्रकल्पाच्या समारोपाची बैठक घेतली. अंपारो आधीच जाऊन त्यांच्या खोलीत बसली. त्यांना देल्फिनाची बातमी कळली होती. ते भले माणूस होते, त्यांचे डोळे खरोखर भरले.

"अहवालातून तिचा आकडा काढा," अंपारो म्हणाली.

"अंपारो, ती प्रकल्पाचं क्षेत्र सोडून गेली. अशा वेळी शेवटचा नोंदलेला आकडा धरायचा असा नियम आहे. मी ठरवलेला नाही."

"शेवटचा आकडा खोटा आहे."

"मोजमाप बरोबर आहे. अर्थ..." ते थांबले. "एका माणसासाठी नियम बदलला तर सगळा अभ्यास कोसळेल. आणि हा अभ्यास कोसळला तर पुढचे पैसे येणार नाहीत. पुढच्या प्रकल्पात मी मूत्रपिंडाची तपासणी घालतोय. तिच्यामुळेच. हे तुला पटायला हवं."

"मी लिहिलं होतं की पाय सुजलेत."

"कुठे?"

अंपारोने सांगितलं. डॉक्टरांनी समोरचे कागद बाजूला सारले. मग हळूच म्हणाले, "तू फोन का नाही केलास?"

फोन होता. नंबर पाठ होता. आकडा चांगला होता म्हणून केला नव्हता. घरी येताना ती गाडी बाजूला घेऊन थांबली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसली. रडू आलं नाही. स्वतःची किळस आली, आणि ती किळस घेऊनच तिने दुसऱ्या दिवशी नव्या प्रकल्पाच्या कागदावर सही केली. वस्तीत शंभरावर आजारी घरं होती, आणि ज्या बाईला दारात पाहून लोक फाटक उघडत अशी दुसरी बाई नव्हती. पहिल्याच आठवड्यात तिने एकवीस जणांची लघवी तपासून घेतली. सहा जणांच्या मूत्रपिंडांत दोष निघाला. त्यांतल्या चौघांकडे कागद नव्हते. त्यांना हे कळवून पुढे काय करायला सांगायचं, ते प्रकल्पाच्या पुस्तिकेत दिलेलं नव्हतं.

पलीकडे देल्फिना दहा महिने जगली. पहिले सहा बरे गेले. बहिणीच्या मागच्या खोलीला चुना दिला, जाळी लावली, तिथे ती दिवसातून चारदा पोटात औषधाचं पाणी भरून काढायची. अंगावर मांस आलं, आवाज आला. शनिवारी इत्सेलची वेणी घालताना ती अंपारोला शेजारणींच्या चहाड्या सांगायची. मग शहरात टोळ्यांच्या गोळीबाराचे दिवस आले, रस्ते बंद, पिशव्या आणणारी दवाखान्याची गाडी पंधरा दिवस आलीच नाही. निएवेसने जुन्या नळ्या उकळून वापरल्या. पोटात पू झाला.

ती आता वाचत नाही असं कळलं तेव्हा कासिमिरोने कुणालाच विचारलं नाही. कामावरून तसाच, चिखलाच्या बुटांनी पुलावर गेला, नाणी टाकली आणि पलीकडे निघून गेला. देल्फिना दुसऱ्या दिवशी दुपारी गेली, तिचा हात त्याच्या हातात होता. मातीही त्यानेच दिली. त्यानंतर तो दोनदा नदीतून परत यायला निघाला, दोनदा पकडला गेला. दुसऱ्या वेळी न्यायाधीशाने सांगितलं, तिसऱ्यांदा आलास तर तुरुंग. तो निएवेसच्या मागच्या खोलीत राहायला लागला. विटा वाहायचं काम मिळालं.

इत्सेल अंपारोकडे आली. कपड्यांच्या दोन पिशव्या घेऊन. घरात ती बोलायची नाही असं नाही, पण शनिवारी सकाळी दार लावून घ्यायची.

"चल, बाबा वाट बघत असेल."

"बघू दे."

"अगं, तो तुझ्या आईसाठी गेला."

"माहितीय. आई तर मरतच होती. मी इथे होते."

अंपारोने आणखी दोनदा समजावलं, मग सोडून दिलं. त्या शनिवारी ती एकटीच गेली, कासिमिरोचे धुतलेले कपडे घेऊन. तो पुलाच्या टोकाशी सावलीला उभा होता. वाळला होता. त्याने तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं, गर्दीत शोधलं.

"नाही आली?"

"परीक्षा आहे तिची."

"जुलैच्या सुट्टीत?"

अंपारोने मान खाली घातली. त्याने पिशवी घेतली, वरचा शर्ट काढून पाहिला, उलगडला, पुन्हा घडी घातली.

"बरं," तो म्हणाला. "अभ्यास कर म्हणावं."